सॉफ्टवेअर घेतोय, मग ऑफिसातली माणसं कमी करू का?

पत्र:

ताई, नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमची दालमिल आहे. आजोबांनी सुरू केली, पप्पांनी वाढवली, आता मी बघतो. वय ३३. ऑफिसात चार माणसं. नाना मुनीम २६ वर्षांपासून आहेत, वय ६१, पगार २२ हजार. दोन मुली आहेत, दोघी बी.कॉम. एक असोद्याहून येते, एक नशिराबादहून. बिलं टॅलीत चढवणं, जीएसटीची तयारी करणं, पार्ट्यांना फोन लावणं ही त्यांची कामं. पगार १२-१२ हजार. चौथा मुलगा डिस्पॅच सांभाळतो.

गेल्या महिन्यात पुण्याचा एक जण एआयचं सॉफ्टवेअर दाखवून गेला. बिलाचा फोटो काढला की नोंद आपोआप, उधारीचे मेसेज व्हॉट्सॲपवर आपोआप, मेल-पत्रं आपोआप. महिन्याला ६ हजार. तो म्हणाला, तीन महिन्यांत दोन माणसं कमी करा, पैसे वसूल. हिशेब मला पटला. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, ‘नानाला हात लावलास तर मी मिलमध्ये पाय ठेवणार नाही.’ मी म्हटलं, नाना राहू द्या, मुलींना कमी करू. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. मित्र म्हणतात, धंद्यात भावना आणू नको, विप्रो अमळनेरला तेलच काढत बसली असती तर आज कुठे असती? बाजारात आमचे दीड कोटी अडकलेत, त्यातले ४० लाख तीन महिन्यांच्या वर गेलेत. मार्जिन राहिलेलं नाही. खर्च कमी करणं चूक आहे का?

– एक दालमिलवाला, जळगाव

उत्तर:

भाऊ, सॉफ्टवेअर घ्या. माणसं मात्र कमी करू नका, निदान वर्षभर तरी नाही. खर्चाकडे बघणं चूक नाही. मिल चालली तरच चौघांचे पगार होणार आहेत. पण त्या विक्रेत्याने मांडलेला हिशेब अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा तुमच्याच पत्रात आहे.

दोन मुली कमी केल्या तर वर्षाला २ लाख ८८ हजार वाचतील. सॉफ्टवेअरचे ७२ हजार वजा करा, उरले २ लाख १६ हजार. आता दुसरा आकडा बघा. तीन महिन्यांच्या वर अडकलेले ४० लाख. तुमचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा फिरवायला बँकेकडून घेतलेली उचल, असणारच. व्याज १० टक्के धरलं तरी त्या ४० लाखांपायी वर्षाला ४ लाख रुपये बँकेत जातायत. त्यातली एखादी पार्टी हात वर करून मोकळी झाली तर व्याज बाजूलाच, मुद्दल जाईल. तुमच्या ऑफिसात पैसा गळतोय तो उधारीच्या बाजूने, आणि तुम्ही पगाराच्या बाजूला बोळा लावायला निघालात.

ही उधारी वसूल का होत नाही, याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे. वसुलीला कोणाला वेळच नाही. मुलींचा दिवस बिलं चढवण्यात जातो, नानांचा दिवस गाड्या आणि दलालांत जातो, आणि तुमचा भाव बघण्यात. सॉफ्टवेअरने बिलं चढवायला घेतली तर पहिल्यांदाच एका माणसाचा पूर्ण दिवस मोकळा होईल. तो दिवस हातात आल्याबरोबर विकून टाकायचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे.

नुसत्या आपोआप मेसेजांनी ही वसुली होईल असं मला वाटत नाही. पंधरा-वीस दिवस उलटलेल्यांना मेसेजने आठवण होते, पैसे येतातही. तीन महिने थांबलेल्याची गोष्ट वेगळी असते. शहादा-शिरपूरकडच्या घाऊक किराणावाल्याकडे कापसाचा पैसा फिरायला लागला की तो देतो. आधी दहा मेसेज टाकले तरी हलत नाही. एखादा मालाच्या तक्रारीवरून अडलेला असतो, डाळीत चुरी जास्त निघाली म्हणून, आणि ती तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. एखाद्याकडे खरंच नसतात, त्याला हप्ते पाडून द्यावे लागतात. एकेका खात्यामागची गोष्ट काढून, फोन करून, तारीख घेऊन, त्या तारखेला पुन्हा फोन करणारं माणूस लागतं. असोद्याच्या किंवा नशिराबादच्या मुलीला, जिला आवाज आणि चिकाटी आहे तिला, हे काम द्या.

तिला एक हत्यारही द्या. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे माल घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. वर्षानुवर्षांच्या किराणावाल्यावर हे हत्यार उपसू नका, संबंध तुटतील. मॉलवाल्या आणि पॅकिंगवाल्या मोठ्या कंपन्यांना मात्र ते आदराने दाखवायला हरकत नाही. त्यांच्याकडे कायदा समजणारी माणसं बसलेली असतात, पत्र बरोबर पोहोचतं. ते पत्र एआयकडून लिहून घ्या, ते काम त्याला छान जमतं. पाठवण्याआधी नानांना दाखवा.

आता नानांकडे येते. तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम ओळखीच्या एका मुनीमांच्या शेजारी दुपारभर बसून आले. अकोल्याहून तुरीची गाडी आली होती. बिलावर २०० क्विंटल. त्यांच्या मालकानेही असंच एक सॉफ्टवेअर घेतलंय. मुलाने बिलाचा फोटो काढला आणि पाणी प्यायच्या आत नोंद झाली. पार्टीचं नाव, वजन, भाव, दलाली, सगळं अचूक. बिलावर जे होतं ते तंतोतंत उतरलं. मुनीमांनी मग काट्याची चिठ्ठी मागवली. १९८ क्विंटल ६० किलो. मूठभर तूर तोंडात टाकून दाताखाली फोडली, मान हलवली, पोरीला म्हणाले, ‘ओलावा लिहून ठेव, मीटर लावून घे.’ मग दलालाला फोन. ‘मागच्या गाडीचं राहिलेलं आणि हे मिळून पुढच्यात धरा.’ पलीकडून होकार आला. तो होकार कुठल्याही कागदावर नाही. मुनीमांच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोन आकडे आणि एक आडनाव, एवढीच त्याची नोंद.

दीड क्विंटलला थोडी कमी घट. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८ हजार आहे. त्या भावाने या एका गाडीचे ११ हजार २०० रुपये झाले. तुमच्या एका मुलीचा जवळजवळ महिन्याचा पगार. यंत्राने बिल वाचण्यात काहीच चूक केली नव्हती. बिलच खरं नव्हतं, आणि ते यंत्राला दिसायची सोय नव्हती, कारण काटा गेटवर आहे आणि दलालाचा शब्द मुनीमांच्या कानात आहे.

दुसरी गोष्ट तिथेच पाहिली, ती तुमच्या जास्त कामाची. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागू झाला आणि त्यावरच्या कट्ट्याला तो नाही. हे तुम्हाला तोंडपाठ असणार, कारण तेव्हापासून बाजारात ३० किलोचे कट्टे का वाढले हे तुम्ही बघितलंय. त्या सॉफ्टवेअरने ‘तूरडाळ फटका, ३० × ४०’ या ओळीला ५ टक्के लावून ठेवले होते. कट्टा ३० किलोचा, म्हणजे २५ किलोच्या वरचा आहे, हे त्याला कळलं नव्हतं, आणि त्याने ‘तपासा’ असा इशाराही दिला नाही. तिथल्या मुलीने ते पकडलं, कारण तिने दोन वर्षं हाताने बिलं चढवली होती आणि तो आकडा तिच्या डोळ्याला खुपला.

याच जागी मला तुमच्या दोन्ही मुलींची काळजी वाटते, आणि फक्त तुमच्याच नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्रातल्या पाच हजारांवर माणसांचं काम त्यात तपासलं. ज्यांना एआयची जोड मिळाली, त्यांचं ताशी काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. नवख्यांचं ३४ टक्क्यांनी वाढलं, आणि जुन्या मुरलेल्यांचं जवळजवळ काहीच नाही. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की यंत्र त्या मुरलेल्या माणसांच्याच संभाषणांवर शिकलं होतं आणि त्यांची हातोटी नवख्यांना पुरवत होतं. तुमच्या मिलला हे लावून बघा. नानांचं डोकं नवीन पोरीला मिळालं तर ती झपाट्याने तयार होईल. पण तुमच्या नानांचं डोकं कुठल्याही यंत्रात उतरलेलं नाही. पुण्याच्या त्या सॉफ्टवेअरला अकोल्याचा दलाल माहीत नाही आणि शहाद्याचा कापूसही माहीत नाही. ते उतरवायचं तर कोणीतरी नानांच्या शेजारी बसून उतरवावं लागेल. आणि नाना ६१ वर्षांचे आहेत.

दुसरा अभ्यास ऑगस्ट २०२५ चा, स्टॅनफर्डचा. तिकडच्या पगारपत्रकांवरून त्यांनी काढलं की ज्या कामांत एआय सगळ्यात जास्त घुसलंय, तिथे २२ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या नोकऱ्या इतरांच्या मानाने १३ टक्क्यांनी घटल्या. त्याच कामांतल्या अनुभवी माणसांच्या तशा घटल्या नाहीत. म्हणजे कात्री लागते ती पहिल्या पायरीला. मालक असाच विचार करतो, तुम्हीही केलात: जुना राहू दे, नवीन पोरी कमी करू. आज हे सोयीचं वाटतं. पण नानाही कधीतरी वहीत जमा-खर्च उतरवणारे पोऱ्याच असतील. बिलं चढवता-चढवता त्यांना पार्ट्या कळल्या, भाव कळले, लबाडी कळली. ती चढवण्याची कामं यंत्राला दिली आणि मुलींना घरी पाठवलं, तर पाच-सात वर्षांनी यंत्राची चूक पकडणारं माणूस तुम्ही कुठून आणणार? एमआयडीसीतला प्रत्येक मालक हाच विचार करणार असेल, तर बाजारातही ते मिळणार नाही.

म्हणून मुलींना ठेवा, आणि सॉफ्टवेअर आल्यावरही थोडी बिलं हातानेच चढवू द्या. एखाद्या बाजारातून येणाऱ्या सगळ्या गाड्या हाताने, बाकीच्या यंत्राने, असं काहीतरी. दुसऱ्या मुलीला रोज तासभर नानांजवळ बसवा. दलालाशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवायला सांगा. त्यांच्या वहीचं शेवटचं पान तिने रोज संध्याकाळी संगणकात उतरवायचं: कोणाकडे किती घट बाकी, कोणाला काय शब्द दिला, कोणता माल कोणत्या तक्रारीत अडकला. तुमच्या धंद्याचा सगळ्यात मौल्यवान डेटा तो आहे. टॅलीतले आकडे कोणालाही मिळतील, हे फक्त तुमच्याकडे आहे.

नाना याला नाही म्हणू शकतात. वही उतरवून घेतली म्हणजे आता आपल्याला काढणार, असं त्यांना वाटेल, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. त्यामुळे आधी त्यांना घरी बोलवा, पप्पांच्या समोर सांगा की जमेल तोवर तुम्ही इथेच आहात, आणि सांगितल्याप्रमाणे वागा. वहीचं काम त्यानंतर काढा.

आता थोडं मागे जाते, कारण तुमच्या आईच्या अबोल्याचं मला काहीतरी समजतंय असं वाटतं.

दालमिलमध्ये हे यंत्र पहिल्यांदा येत नाहीये. सॉर्टेक्स तुमच्या मिलमध्ये असेलच. डाळीचा एकेक दाणा कॅमेऱ्यासमोरून जातो, काळा, डागी, सालीचा दाणा दिसला की हवेचा फटकारा बसतो आणि तो बाजूला पडतो. डोळ्याचं काम यंत्राने करण्याची ही गोष्ट गिरण्यांत चॅटजीपीटीच्या कितीतरी आधी आली. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. सॉर्टेक्सच्या आधी ते काम बाया करायच्या. ओळीने बसून, सुपात डाळ घेऊन, खडे आणि डागी दाणे निवडायच्या. यंत्र आलं, माल स्वच्छ झाला, लांबच्या बाजारात जळगावच्या डाळीला भाव मिळाला. ते बरंच झालं. पण त्या बायांचं पुढे काय झालं? कोणी शेतात निंदायला गेली, कोणी केळीच्या पॅकिंगला, कोणी घरीच बसली. त्यांच्यासाठी कोणी कुठल्या सदराला पत्र लिहिलं नाही. तेव्हा कोणाची झोप उडाली नाही, कारण त्या रोजंदारीवर होत्या आणि अंगणात बसत होत्या. आज यंत्र पंख्याखालच्या खुर्चीपर्यंत आलं म्हणून आपण चर्चा करतोय. तुमच्या आईने कदाचित त्या बाया पाहिल्या असतील. त्यांना एकदा विचारा, ऐकून घ्या.

तुमच्या हातात सॉर्टेक्सच्या वेळेपेक्षा वेगळं काहीतरी करण्याची संधी आहे. हे मी मनापासून लिहितेय. असोदा, नशिराबाद, भादली, शिरसोली अशा गावांतून मुली सकाळच्या एसटीने जळगावात येतात, बारा हजार पगार घेतात, संध्याकाळी परत जातात. त्या बारा हजारांवर धाकट्या भावाची फी भरली जाते, आणि मुख्य म्हणजे ‘आता हिचं उरकून टाकू’ हे घरातलं वाक्य दोन-तीन वर्षं पुढे ढकललं जातं. आपल्या भागात बी.कॉम. झालेल्या मुलीला घरून ये-जा करता येईल अशी नोकरी म्हणजे मिलचं ऑफिस, सराफाचं दुकान, सीएचं ऑफिस, पतसंस्था, नाहीतर दवाखान्याचं काउंटर. या सगळ्या ठिकाणचं काम हेच आहे: नोंदी, बिलं, फोन. मुंबई-पुण्यात एक दार बंद झालं तर दुसरं असतं. इथे दारंच मोजकी आहेत.

आणि पुण्यातही दारं पूर्वीसारखी उघडी राहिलेली नाहीत. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, एकूण माणसांच्या सुमारे २ टक्के. कंपनीने एआयला थेट कारण म्हटलं नाही, बदलत्या कौशल्यांचं कारण दिलं. घरी बसणाऱ्याला दोन्ही सारखंच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा जानेवारी २०२४ चा अंदाज आहे की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल. स्पर्श म्हणजे त्या जातील असं नाही. काहींचं काम सोपं होईल, काहींची गरज संपेल. कोणत्या ऑफिसात यातलं काय होईल, हे नाणेनिधी ठरवणार नाही. जळगावातल्या एका ऑफिसापुरतं ते तुम्ही ठरवणार आहात.

तुमच्या मित्रांच्या विप्रोबद्दल. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरला वनस्पती तेलाची कंपनी म्हणून ती सुरू झाली, हे खरं, आणि आपल्याकडे सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण त्या गोष्टीतून काय घ्यायचं ते मित्रांना नीट सांगा. ती मोठी झाली नवीन धंदा शोधून. तुम्हीही तसा विचार करा: मोकळ्या झालेल्या वेळात स्वतःच्या नावाने अर्धा-एक किलोचं पॅकिंग करता येईल का, चुणीला पशुखाद्यवाल्यांकडून बरा भाव काढता येईल का, पुण्या-सुरतेत राहणाऱ्या खान्देशी घरांपर्यंत थेट डाळ पोहोचवता येईल का. ऑर्डर घेणं, पत्ते सांभाळणं, तक्रारी ऐकणं, हे सगळं त्या दोन मुली करू शकतील.

सॉफ्टवेअर घ्यायच्या आधीच्या गोष्टी पटकन सांगते. विक्रेत्याने त्याची स्वच्छ छापील बिलं दाखवली असतील. तुम्ही तुमच्या फायलीतली काढून द्या: चुरगळलेली, कार्बनची, गुजराती अक्षरातली, थर्मल कागदावरची पुसट झालेली. त्यात किती चुकतंय ते स्वतः मोजा. तुमची खाती, पार्ट्यांचे पॅन, कामगारांचे आधार कोणत्या सर्व्हरवर राहणार आणि करार मोडल्यावर पुसले जाणार का, हे लेखी घ्या. हीच माहिती फुकटच्या चॅटमध्ये चिकटवायची नाही, ही ताकीद ऑफिसात सगळ्यांना द्या, स्वतःलाही. नवी तूर साधारण डिसेंबर-जानेवारीत येते, तेव्हा हा प्रयोग सुरू करू नका. त्याआधीच्या मंदीच्या दिवसांत एक पूर्ण तिमाही जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी चालवा. दोन्हीकडचे जीएसटीचे आकडे जुळले की पुढे जा.

व्हॉट्सॲपच्या आपोआप मेसेजांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने, घरचं माणूस वारलं होतं अशा एका प्रवाशाला, सवलतीची चुकीची माहिती दिली. प्रकरण लवादापुढे गेलं तेव्हा कंपनीने असाही बचाव केला की चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. तुमच्या नंबरवरून गेलेला मेसेज तुमचाच असणार. ज्याच्या घरी दहावं आहे त्याला त्याच दिवशी ‘तुमची थकबाकी त्वरित भरा’ असा मेसेज गेला, तर पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक जाईल, आणि ते दहावं कोणाकडे आहे हे नानांना माहीत असतं. रोज सकाळी मेसेजची यादी नानांच्या किंवा मुलीच्या डोळ्याखालून जाऊ दे, मगच सुटू दे. आणखी एक, बोलून लिहून घेणारी ही यंत्रं छापील मराठी बरी समजतात, पण गावाकडच्या पार्टीने व्हॉइस नोटवर ‘माल उना का?’, म्हणजे माल आला का, असं विचारलं की अडखळतात. अहिराणी ऐकायला तुमच्याच मुली बसवा.

क्लार्ना नावाची एक स्वीडिश कंपनी आहे, खरेदीचे हप्ते पाडून देणारी. २०२४ मध्ये तिने जाहीर केलं की आमचा एआय सहायक ७०० माणसांचं काम करतोय. २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखाने सांगितलं की खर्चाच्या मागे लागून सेवेचा दर्जा घसरला, आणि गिऱ्हाइकांशी बोलायला पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. त्यांना नवीन माणसं मिळाली असतील. तुम्हाला दुसरे नाना मिळणार नाहीत.

वर्ष उलटल्यावर, सगळं करून बघितल्यावर, एका माणसाचं काम खरंच उरलं नाही असं दिसलं तर? तसं होऊ शकतं, मी ते नाकारत नाही. तेव्हा सरळ वागा. एक महिना आधी सांगा आणि तोंडावर सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वर्षभर सलग काम केलेल्या कारकुनी कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि नवीन कौशल्य शिकण्याच्या निधीत आणखी १५ दिवसांचा पगार मालकाने भरायचा आहे. तुमच्या सीएकडून तपशील तपासून घ्या. पैसे देऊन जबाबदारी संपली असं समजू नका. चार मालकांना स्वतः फोन करा. तुमच्या शब्दावर तिला दुसरीकडे काम मिळेल, तिच्या अर्जावर मिळेलच असं नाही.

नानांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद केलीय का, हे पत्रात नाही. मिलमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील, आणि हमालांपासून धरलं तर असतीलच, तर ती द्यावीच लागते. शेवटचा पगार गुणिले १५ गुणिले सेवेची वर्षं भागिले २६. नानांची सेवाही २६ वर्षांचीच, त्यामुळे गणित सोपं आहे: २२ हजार मूळ पगार धरला तर ३ लाख ३० हजार. ती रक्कम आजच बाजूला काढायला लागा. ज्या दिवशी ते स्वतः ‘आता पुरे’ म्हणतील, त्या दिवशी ती हातात देता आली पाहिजे.

पप्पांशी भांडू नका. ते सॉफ्टवेअरच्या विरोधात आहेत असं मला पत्रावरून वाटलं नाही. त्यांनी फक्त नानांचं नाव घेतलंय. त्यांना सांगा की वसुलीचं काम एका मुलीला देतोय, दुसरीला नानांच्या हाताखाली तयार करतोय, आणि बिलं यंत्र चढवणार आहे. त्या ४० लाखांची पार्टीवार यादी काढा आणि पहिल्या पाच नावांना पप्पांनी स्वतः फोन करावा अशी विनंती करा. त्यांच्या वयाच्या माणसाचा फोन आला की त्यांच्या वयाचे मालक उचलतात.